जीप म्हातारी होते तेव्हा

आमच्या घरात जीपला कुणी गाडी म्हणत नाही. अण्णांनी १९९४ साली ती घेतली आणि तेव्हापासून ती घरातलीच झाली. शेतावरच्या कडब्यापासून दवाखान्यात न्यायच्या माणसापर्यंत, लग्नाच्या वऱ्हाडापासून आषाढीला पंढरपुरात उतरणाऱ्या पाहुण्यांपर्यंत सारे तिच्यातून आले-गेले. अण्णा गेले, जीप राहिली. ती विकायचा विषय निघाला की आई काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जाते.

दोन वर्षांपूर्वी मंगळवेढ्याहून परतताना ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. आत आई, बायको आणि दोन्ही मुलं. पुढे उसाची ट्रॉली. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत कशीबशी जीप कडेच्या नांगरटीत घातली. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मागचं चाक खोललं. सिलिंडरचं रबर झिजून सगळं तेल ड्रममध्ये उतरलेलं. जुन्या धाटणीच्या या जीपमध्ये चारही चाकांना ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग. एका चाकाशी गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक जातो. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "मालक, रंग झकास दिलाय. पण गाडी थांबवायची कशी, ते इसरलासा."

चारही चाकांचे आणि मुख्य सिलिंडर, पाईप, तेल, मजुरी मिळून बिल झालं ५,८०० रुपये. आदल्या दिवाळीत आम्ही रंगाला २२,००० घातले होते. दोष गाडीचा नव्हता, मिस्त्रीचाही नव्हता. तो आमचाच होता.

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, पुढे पेट्रोलची जागा डिझेल इंजिनाने घेतली आणि ही लष्करी गाडी शेतकऱ्याच्या दारात आली. तिचं मोठेपण एकच : चार पाने आणि एक हातोडी असली की ती कुठंही दुरुस्त होते. तिचा धोकाही त्यातच आहे. काहीही करून चालू होते, म्हणून आपण तिला नुसती चालू ठेवतो. तार बांधतो, वायसर टाकतो आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो.

त्या प्रसंगानंतर मी अण्णांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत खर्चाचा क्रम लिहून ठेवला. आधी थांबणं, मग वळणं, मग पळणं आणि सर्वांत शेवटी दिसणं.

थांबणं म्हणजे ब्रेक. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं. पाण्यातून गाडी काढली की पुढे थोडं अंतर पेडल हलकेच दाबत जावं, म्हणजे ड्रम सुकतात. वळणं म्हणजे स्टिअरिंग. चाक हलण्याआधी स्टिअरिंग चार बोटं फिरत असेल, तर टाय रॉडचे सांधे आणि किंग पिन तपासायची वेळ झाली. पाट्यांकडेही बघावं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं वाहून ते सपाट होतात आणि मुख्य पाटा बहुधा खड्ड्यातच तुटतो. आमचा तुटला तेव्हा मजुरीसह २,४०० रुपये लागले.

पळण्यात पहिला शत्रू उष्णता. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि आपण रेडिएटरमध्ये बोअरचं क्षारयुक्त पाणी ओततो. नळ्या बुजतात, इंजिन तापतं, हेड गॅसकेट जातं. कूलंटचे काही शे रुपये वाचवताना इंजिन उतरवायची वेळ येते आणि मग हिशेब दहा हजारांच्या घरात जातो.

चार चाकांच्या जोराचा दांडाही समजून घ्यावा. तो चिखलासाठी, वाळूसाठी. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावून वळणं घेतली की क्रॉस आणि गिअरवर ताण येतो. उलट वर्षानुवर्षं वापरलाच नाही तर तो जाम होतो. महिन्यातून एकदा मऊ मातीत लावून दोन फर्लांग गाडी चालवावी.

कागदांचाही खर्च आहेच. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्याचं शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये १०,००० झालं. म्हणून जुनी जीप घेणाऱ्याने रंग पाहण्याआधी कागद पाहावेत आणि जमीन पाहावी. रात्रभर उभ्या असलेल्या जीपखाली तेलाचे डाग किती आणि कुठं, यावरून तिची तब्येत कळते.

"एवढ्या खर्चात नवी गाडी आली असती," असं पाहुणे म्हणतात. आली नसती, पण हप्ता मात्र नक्की आला असता. तरीही वहीत मी एक ओळ लिहून ठेवली आहे : ज्या वर्षी ब्रेक आणि स्टिअरिंगला पैसे जमणार नाहीत, त्या वर्षी जीप विकायची. आठवणीपायी माणसं धोक्यात घालायची नाहीत.

ही ओळ आईला वाचून दाखवली, तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली नाही. परवा शेतावर जाताना तिने पुढच्या सीटवर बसायच्या आधी मला विचारलं, "मिस्त्रीनं चाकं खोलून बघितलीत नव्हं?"