मामाचा प्रश्न आणि समुद्राची फेलोशिप

गोराई म्हटलं की आमच्या वर्गातल्या मुलांना दोनच गोष्टी आठवतात. एक पॅगोडा आणि दुसरं म्हणजे २०२२ मध्ये बंद झालेलं एस्सेलवर्ल्ड. मला मात्र आठवतो तो बोरिवलीहून सुटणारा फेरी बोटीचा धक्का, वलांडीवर वाळणारे बोंबील आणि ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेला माझा मामा.

गेल्या नारळी पौर्णिमेला त्याच्याकडे गेले होते. चहा हातात येण्याआधीच मामाने विचारलं, "काय गं, तू इंजिनीअर होतेस ना? मग सांग. शेजारी मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना येणार म्हणतात. गोडं पाणी शहराला जाईल, ते बरंच झालं. पण काढलेलं मीठ टाकणार कुठे? आमच्या डोल जाळ्याच्या तोंडात?"

मी टी.ई. सिव्हिलची विद्यार्थिनी. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मार्क चांगले. म्हटलं, एवढं काय त्यात, आत्ता सांगते! वही काढली आणि हिशेब मांडला.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पद्धतीत १०० लिटर पाण्यातून ४० लिटर गोडं पाणी मिळतं असं धरू. उरलेल्या ६० लिटरमध्ये जवळजवळ सगळे, म्हणजे ३५०० ग्रॅम क्षार राहिले. दर लिटरला सुमारे ५८ ग्रॅम. मुंबई महापालिकेने मनोरीच्या प्रकल्प अहवालासाठी २०२१ मध्ये एका इस्रायली कंपनीशी करार केला, तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी रोज २० कोटी लिटर गोडं पाणी हा आकडा ठरला होता. माझ्या हिशेबाने त्यासाठी रोज ५० कोटी लिटर समुद्राचं पाणी आत घ्यावं लागेल आणि ३० कोटी लिटर जास्त खारट पाणी परत सोडावं लागेल. हे पाणी जड असतं, नीट मिसळलं नाही तर तळाशी बसतं. म्हणून ते एका तोंडातून न सोडता पाइपला अनेक भोकं ठेवून जोराने फवारतात. त्याला डिफ्यूझर म्हणतात.

इथपर्यंत मी फॉर्मात होते. मग मामा म्हणाला, "बरं. आमच्याकडे ओहोटीला पाणी कुठल्या बाजूला ओढतं? पावसात खाडीचं पाणी गोडसर होतं, तेव्हा काय? आणि बोंबलाच्या पिल्लाला किती मीठ सोसतं?"

माझ्या वहीत उत्तर नव्हतं.

मित्रांनो, हा लेख त्या न आलेल्या उत्तराबद्दल आहे. या प्रश्नांची उत्तरं मिळवायची तर कोणीतरी होडीत बसून भरती-ओहोटीच्या प्रत्येक वेळी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, निदान वर्षभर तरी पाण्याचे नमुने घ्यायला हवेत. पण या ‘कोणीतरी’ने वर्षभर खायचं काय? याचं उत्तर म्हणजे फेलोशिप. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला हा इंग्रजी शब्द माहीत होता, मराठी शब्द परवा कळला : अधिछात्रवृत्ती. स्कॉलरशिप शिकण्यासाठी मिळते आणि फी भरायला उपयोगी पडते. फेलोशिप संशोधनासाठी मिळते. ती दरमहा हातात येते आणि तिच्या बदल्यात तुम्ही एका प्रश्नामागे काही वर्षं लागायचं असतं.

समुद्र आणि आपण इंजिनीअर यांचा काय संबंध, असं वाटत असेल तर दोन उदाहरणं देते.

पहिलं पापलेटचं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली. मासा एकदा तरी अंडी घालू शकेल एवढा मोठा होईपर्यंत त्याला पकडू नये, हे त्यामागचं साधं तत्त्व. पण कोणती जात किती लांबीला वयात येते हे मंत्रालयात बसून कळत नाही. त्यासाठी बंदरावर जाऊन हजारो मासे पट्टीने मोजावे लागतात, कापून बघावे लागतात. अशा कामात संशोधक विद्यार्थ्यांचा हात असतो. आज मोजलेला आकडा उद्या कायदा होतो, तो असा.

दुसरं उदाहरण लक्षद्वीपचं. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर रोज १ लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. त्यात पडदा नाही, फिल्टर नाही. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवायचं आणि त्याची वाफ खोल समुद्रातून ओढलेल्या थंड पाण्याने थंड करायची. आपल्या थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातलंच सगळं! मग हे मनोरीला का नाही? कारण आपला किनारा उथळ आहे. तसं थंड पाणी इथे जवळपास मिळत नाही. म्हणजे प्रत्येक किनाऱ्याचं उत्तर वेगळं आणि ते त्या किनाऱ्यावरच शोधावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला काय करता येईल?

पहिली पायरी उन्हाळ्याच्या सुट्टीची. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात. इंजिनिअरिंगची मुलंही अर्ज करू शकतात. अर्ज आदल्या वर्षीच भरायचा असतो, तेव्हा एप्रिलमध्ये जागे होऊ नका. एक छोटं टिपण आणि एका सरांचं किंवा मॅडमचं शिफारसपत्र लागतं.

दुसरी पायरी जे.आर.एफ. म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप. सी.एस.आय.आर.-नेट परीक्षेत पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एक स्वतंत्र विषय आहे आणि बी.ई. झालेल्यांनाही ती देता येते. जानेवारी २०२३ पासून दर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी प्रगती तपासून ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. गेट देऊन आय.आय.टी.तून जाण्याचा रस्ताही आहेच. मद्रासच्या आय.आय.टी.त तर ओशन इंजिनिअरिंगचा अख्खा विभाग आहे.

जायचं कुठे? १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला आहे. पण तिचं एक केंद्र इथे अंधेरीला आहे! १९६१ मध्ये स्थापन झालेली मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था तर वर्सोव्यातच आहे. आपण रोज लोकलने अंधेरीवरून जातो आणि आपल्याला पत्ता नसतो. परदेशी जायचं असेल तर राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान सागरी विषयांसाठी शिष्यवृत्ती देतं. संयुक्त राष्ट्रे आणि जपानचं निप्पॉन फाउंडेशन यांचीही फेलोशिप आहे, पण ती विकसनशील देशांतल्या सरकारी अधिकाऱ्यांसाठी. आपल्याला थोडं थांबावं लागेल.

वेळही चांगली आहे. २०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांचं सागर विज्ञानाचं दशक आहे. २०२१ मध्येच केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या डीप ओशन मिशनला मंजुरी दिली.

घरी हे सगळं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "प्लेसमेंट सोडून मासे मोजत बसणार?" तिचं चुकीचं नाही. मैत्रिणींची पॅकेजेस कानावर येतात, त्यापुढे हा आकडा लहान दिसतो. शिवाय फेलोशिपचे पैसे काही वेळा उशिरा येतात असं सीनियर्स सांगतात. मला स्वतःलाही भीती वाटते. पाच वर्षं गेली आणि काहीच हाती लागलं नाही तर?

मामाची प्रतिक्रिया वेगळी होती. तो मोठ्याने हसला. "पाण्याची ओढ बघायचे पैसे देतात? मग मला तीस वर्षं कोणी का नाही दिले?"

सगळे हसले, पण मला ते वाक्य लागलं. ओहोटीचं पाणी कुठे ओढतं हे त्याला हातावरच्या रेषांसारखं पाठ आहे. फक्त ते आकड्यांत नाही, म्हणून कुठल्याच अहवालात नाही. आकडे मांडायला मी शिकतेय. पाणी वाचायला तो शिकवेल. दोघांचं एकत्र झालं तरच मनोरीच्या त्या पाइपचं तोंड कुठे असावं हे कोणाला तरी ठामपणे सांगता येईल.

समर फेलोशिपचा अर्ज मी भरलाय. मिळेल की नाही देव जाणे. प्लेसमेंटसाठीही नाव दिलंय, आईला शब्द दिलाय. पण अर्जासोबतच्या टिपणात मी मामाचा प्रश्न जसाच्या तसा लिहिलाय. त्याहून चांगला प्रश्न मला चार सेमिस्टरमध्ये कुठल्याच पेपरात भेटला नव्हता.

तुमच्याही घरी, गावी असा एखादा प्रश्न ओट्यावर बसून असेल. विचारून तर बघा!