लघुलहरींचा रेडिओ : काटा की आकडे?

बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना ओहोटी लागली आणि १९५२ साली सुरू झालेल्या बिनाका गीतमालेच्या ओढीने श्रोते लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधू लागले. पोस्टात सालीना फी भरून परवाना काढलेल्या त्या संचावर काटा कोठे थांबवावा, हे ज्ञान बोटांत वसत असे. आज भोसरीत वा चाकणला राहून लघुलहरी ऐकण्याचा छंद जोपासू इच्छिणाऱ्यापुढे मात्र काट्याचा संच घ्यावा की आकड्यांचा, असा प्रश्न उभा राहतो.

काट्याची अडचण गणिती आहे. एकतीस मीटरचा पट्टा सुमारे ५०० किलोहर्ट्‌झ रुंद असून केंद्रे साधारणतः ५ किलोहर्ट्‌झच्या अंतराने मांडलेली असतात. म्हणजे तबकडीवरील बोटभर जागेत शंभर स्थाने दाटीने बसतात, आणि संच तापला की काटा न हलताही केंद्र निसटते. आकड्यांच्या संचात कंप्रता स्फटिकाच्या स्थिर कंपनांशी जखडलेली असल्याने हे संकट टळते. तथापि केवळ आकड्यांची चौकट पाहून भुलू नये. कित्येक स्वस्त संचांत अंतर्रचना जुनीच असून आकडे फक्त काट्याची जागा सांगतात. शिवाय आकड्यांचा संच असला तरी डिजिटल प्रक्षेपणाच्या डीआरएम पद्धतीसाठी निराळाच संच लागतो.

परंतु भोसरी-चाकणच्या औद्योगिक इलाख्यात खरा प्रतिवादी वेगळाच आहे. लघुलहरींवरील नेहमीच्या प्रक्षेपणात ध्वनी लहरींच्या चढउतारांत साठवलेला असतो, आणि वेल्डिंगच्या ठिणग्या, मोटारींचे ड्राइव्ह, एलईडी दिवे यांचा खरखराटही नेमका त्याच चढउतारांत मिसळतो; तो वेगळा काढणे ना काट्याला साधते, ना आकड्यांना. म्हणून खरेदीपूर्वी कोणाचा तरी संच मागून घ्यावा, चार्जर काढून तो सेलवर चालवावा आणि तेच केंद्र त्याच वेळी एकदा घरी, एकदा निगडीच्या दुर्गा टेकडीवर ऐकावे; कारखान्यांना सुटी असलेल्या गुरुवारी घरी पुन्हा पडताळावे. टेकडीवर स्वच्छ आणि घरी अस्पष्ट, असा निकाल लागल्यास महागडा संच घेण्यापेक्षा घरातील वायरिंगपासून दूर, गच्चीवर तारेचा एरियल बांधण्याची तजवीज करणे अधिक श्रेयस्कर.

एवढे झाल्यावर निवड सोपी होते. नवख्याने १ किलोहर्ट्‌झच्या टप्प्याने सरकणारा आकड्यांचा संच घ्यावा. ज्याची दोन-चार केंद्रे ठरलेली आहेत आणि सेलचा खर्च ज्याला जाचतो, त्याला काट्याचा संच पुरेसा आहे.