साचा कोणाचा, मूर्ती कोणाची?

गेल्या आठवड्यात रोह्याहून पेणला परतताना गाडीत आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी भेटला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर त्याने काहीशा दबक्या आवाजात विचारले, ‘‘सर, टॉरेंटचे सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये नुसते ठेवले, तरी गुन्हा होतो का?’’ त्याला वाटले असावे, की अर्थशास्त्राचा प्राध्यापक याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देईल. नागोठणे गेले, कासू गेले, तरी माझे उत्तर पुरे झाले नव्हते. जे गाडीत राहून गेले, ते येथे लिहीत आहे. कारण हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही. ज्याच्या हाती मोबाइल आहे, अशा प्रत्येक शिक्षकाचा, कारकुनाचा आणि विद्यार्थ्याचा तो आज ना उद्या होणार आहे.

प्रथम हे यंत्र चालते कसे, ते पाहिले पाहिजे. १९९९ साली अमेरिकेत नॅप्स्टर नावाची सेवा निघाली. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण कोणाकडे काय आहे याची सूची मात्र एका ठिकाणी, अशी तिची रचना होती. ती सूचीच तिला भोवली. न्यायालयाचा बडगा बसताच २००१ मध्ये ती बंद पडली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन या तरुणाने बिटटॉरेंटची पद्धत आणली. तिच्यात मोठ्या फाइलीचे लहान लहान तुकडे होतात, आणि जो हे तुकडे घेत असतो तोच, आपली फाइल पूर्ण होण्याची वाटही न पाहता, हाती आलेले तुकडे इतरांना देत असतो. पंगतीला बसलेला प्रत्येक जण जेवता जेवता वाढपीही व्हावा, तसा हा प्रकार. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या पद्धतीत स्वतःचे असे काही पाप नाही. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली तिच्याच मार्गाने जगभर राजरोसपणे वाटली जाते. मग कायदा काय म्हणतो? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फाइल-वाटपाच्या सॉफ्टवेअरचा नावानिशी उल्लेख नाही. मात्र त्याच कायद्याच्या कलम ६५ मध्ये एक तरतूद आहे, जी वाचताना पेणच्या माणसाला सहज हसू येईल. चोरट्या प्रती काढण्याच्या उद्देशाने जाणूनबुजून ‘प्लेट’ बनवणे वा बाळगणे हा त्या कलमान्वये दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. आणि ‘प्लेट’ या शब्दाच्या व्याख्येत ठसा, दगड, प्रतिलिपी काढण्याचे साधन यांच्याबरोबर चक्क ‘साचा’ही आहे!

साचा म्हणजे काय, हे पेण, हमरापूर आणि जोहे येथील लोकांना कायदेपंडितांनी शिकवण्याची गरज नाही. मूर्तिकार आठवडेच्या आठवडे खपून पहिला नमुना घडवतो. बैठक, सोंडेचे वळण, डोळ्यांची रेखणी, सारे त्यात ठरते. त्यावरून रबराचा साचा निघतो आणि मग मूर्तीमागून मूर्ती निघते. पहिल्या मूर्तीला जो खर्च येतो, त्याच्या मानाने पुढच्या प्रत्येक मूर्तीचा खर्च अगदी किरकोळ असतो. आता कोणी ती एक मूर्ती बाजारातून विकत घेतली आणि तिच्यावरून आपला साचा काढला, तर पहिल्या कारागिराचे ते आठवडे कोणाच्या खाती जमा झाले? आमच्या शास्त्रात ज्याला सीमांत खर्च म्हणतात, तो फाइलीच्या बाबतीत जवळजवळ शून्यावर येतो, एवढाच काय तो फरक. मूर्तीला निदान माती तरी लागते.

तथापि, साचा बनवण्याची विद्याच बेकायदा ठरवा, असे पेणमध्ये आजवर कोणी म्हटल्याचे माझ्या कानी नाही. कलम ६५ चा भरही ‘जाणूनबुजून’ आणि ‘उद्देशाने’ या शब्दांवरच आहे. परदेशांतील न्यायालयेही, बऱ्याच वळणांनंतर का होईना, याच मुक्कामी आली आहेत. सोनी कंपनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर चित्रपट कंपन्यांनी खटला भरला, तेव्हा १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की ज्या साधनाचा निर्दोष उपयोगही लक्षणीय आहे, ते विकल्याबद्दल विक्रेत्याला दोषी धरता येणार नाही. २००५ च्या ग्रॉक्स्टर प्रकरणात त्याच न्यायालयाने एकमताने पुढची पायरी सांगितली : साधन विकणे वेगळे आणि ‘याने चोरी करा’ असे सुचवत त्याचा प्रसार करणे वेगळे, दुसऱ्याची जबाबदारी टाळता येणार नाही. जपानमध्ये इसामू कानेको या संशोधकाने विनी नावाचे असेच सॉफ्टवेअर लिहिले. २००६ मध्ये क्योतोच्या न्यायालयाने त्याला पंधरा लाख येनांचा दंड केला. २००९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१३ मध्ये तो वारला. निर्दोषत्व पदरात पडायला त्याच्या आयुष्याची किती वर्षे गेली, याचा हिशेब कोणत्याच निकालपत्रात नसतो.

आपल्याकडे हा प्रश्न गाजला तो २०१६ मध्ये. त्या वर्षी ‘सैराट’च्या चोरट्या प्रती गावोगावच्या मोबाइलमध्ये फिरत होत्या आणि तरीही तो चित्रपट कमाईचे विक्रम मोडत होता, अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे ते दृश्य होते. त्याच वर्षी ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या निर्मात्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अज्ञात चोरट्यांविरुद्ध दाद मागितली. अशा अनाम प्रतिवादीला आपल्या न्यायालयांत ‘अशोककुमार’ म्हणण्याचा प्रघात आहे. या नावाच्या सभ्य गृहस्थांना काय वाटत असेल, कोण जाणे! न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला आणि पडताळून पाहिलेली यादी मागितली. पुढे बंद केलेल्या पानांवर इंटरनेट कंपन्यांनी असा इशारा झळकवला, की येथील मजकूर नुसता पाहणे हाही तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. देशभर घबराट उडाली. तेव्हा त्याच न्यायमूर्तींनी स्पष्ट केले, की गुन्हा पाहण्यात नाही; परवानगीवाचून वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विक्रीस वा भाड्याने देणे यांत तो आहे.

माझ्या विद्यार्थ्याला हे अर्धेच ठाऊक होते आणि त्या अर्ध्यावर तो निर्धास्त होता. ‘‘मी तर फक्त घेतो, विकत कुठे आहे?’’ हा त्याचा युक्तिवाद. येथेच ती पंगत आठवावी. टॉरेंटने चित्रपट उतरवणारा केवळ प्रेक्षक राहत नाही, तो त्याच क्षणी वितरकही झालेला असतो, त्याच्या मनात असो वा नसो. न्यायमूर्तींनी पाहणाऱ्याला दिलेला दिलासा त्याच्यापर्यंत पोहोचेलच, असे धरून चालता येणार नाही.

आणि वितरकासाठी कायदा सौम्य नाही. व्हिडिओ कॅसेटींच्या सुळसुळाटाला आवर घालण्यासाठी १९८४ मध्ये शिक्षा वाढवण्यात आली. कलम ६३ खाली आज सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये एक पाऊल पुढे टाकले : झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरेट’ही दाखल झाला. व्यापारी लाभासाठी नसलेल्या उल्लंघनास, विशेष कारणे नमूद करून, न्यायालय कमी शिक्षा देऊ शकते, हे खरे. परंतु ही सवलत खटल्याच्या शेवटी मिळते. अटक होते ती आरंभी. हजारो प्रती विकणारा धंदेवाईक आणि वसतिगृहातला पोरगा यांच्यातील फरक निकालाच्या दिवशी नव्हे, पोलीस ठाण्याच्या पायरीवर दिसला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गंमत अशी, की जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ अॅपांवर बंदी घातली, तीत शेअरइट आणि झेंडर ही फाइल-वाटपाची साधनेही होती. कारण मात्र देशाच्या सुरक्षिततेचे. लेखकाच्या वा गायकाच्या हक्काचा त्यात संबंध नव्हता.

पुस्तकांचा प्रश्न आम्हा शिक्षकांना अधिक टोचणारा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ मध्ये भरलेला दावा २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळला. अपिलात काही मुद्दे पुन्हा विचारार्थ गेले, पण शिकवण्यासाठी आवश्यक तेवढी नक्कल ही कायद्यानेच दिलेली मुभा आहे, हे तत्त्व टिकले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अध्यापनाची ही मुभा मोलाची आहे. परंतु तिच्या आधाराने संपूर्ण पुस्तक साऱ्या जगाला वाटता येत नाही. उलट ‘श्यामची आई’ खुशाल वाटावी. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, या नियमाने त्यांचे सारे लेखन २०११ पासून सर्वांचे झाले आहे. हे किती शिक्षकांना माहीत आहे?

आता एक कबुली. मी एका प्रकाशकासाठी अर्थशास्त्राची एक छोटी मार्गदर्शिका लिहिली आहे. आवृत्ती हजाराची, मानधन सांगण्यासारखे नाही. मागील वर्षी वर्गात एका मुलीच्या मोबाइलवर तिची पीडीएफ दिसली. पानांच्या कडेला कोणा अनोळखी वाचकाने पेन्सिलीने केलेल्या खुणाही तशाच उमटल्या होत्या. मला राग आला, हे लपवत नाही. आणि त्याच वेळी कोणीतरी ते इतक्या मन लावून वाचले, याचा आनंदही झाला. मग चौकशी केली, तेव्हा कळले, की रोह्यात ते पुस्तक कोणत्याच दुकानात मिळत नव्हते आणि प्रकाशकाने त्याची डिजिटल प्रत काढलेलीच नव्हती. तिने पैसे द्यायचे म्हटले असते, तरी कोणाला द्यायचे होते?

पेण स्टेशनवर उतरताना त्या विद्यार्थ्याने पुन्हा विचारले, ‘‘मग सर, सॉफ्टवेअर ठेवू की काढू?’’ मी म्हणालो, ‘‘सॉफ्टवेअर ठेव. त्यातून काय उतरवले आहेस, ते घरी जाऊन एकदा पाहा.’’ तो हसला आणि रिक्षाच्या रांगेकडे गेला. त्या मार्गदर्शिकेची डिजिटल प्रत काढण्याविषयी मी प्रकाशकाला पत्र लिहिले आहे. अद्याप उत्तर नाही.