नवऱ्यानं लिहून दिलेला कागद

अमेरिकेतलं स्थळ आलं की आपल्याकडे पहिले प्रश्न ठरलेले असतात. मुलगा काय करतो, पगार किती, स्वतःचं घर आहे का? परिचयपत्रात ‘वार्षिक एक लाख डॉलर’ लिहिलेलं असतं. आपण मनातल्या मनात त्याला रुपयांनी गुणतो आणि गप्प बसतो. पगाराचा कागद दाखवा, असं म्हणायची मात्र कुणाची छाती होत नाही. नारायणगाव, मंचर, आळेफाटा या पट्ट्यातल्या मुलींच्या आया मला नेहमी म्हणतात, “ताई, मुलाकडच्यांना असं विचारलेलं बरं दिसेल का हो?”

गंमत बघा, आपल्याला जे विचारायला संकोच वाटतो, ते अमेरिकेचं सरकार त्या मुलाला अगदी रोखठोक विचारतं. नुसतं विचारत नाही, लिहून घेतं. परदेशातल्या बायकोला कायमचं राहायला न्यायचं असेल, तर तिला पोसण्याइतकी आपली कमाई आहे हे नवऱ्याला कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. त्यासाठीचा फॉर्म आहे आय-८६४. त्याला ‘ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट’ म्हणतात, म्हणजे आधार देण्याचं प्रतिज्ञापत्र. आपल्या मुली व्हिसासाठी फोटो काढतात, जन्मदाखला शोधतात, पोलिसांचा दाखला आणतात, मुंबईला मेडिकल करून येतात. पण या एका कागदाकडे ‘ते ह्यांचं काम’ म्हणून ढुंकूनही बघत नाहीत. खरं तर सगळ्या फायलीत तिच्या सर्वांत जास्त कामाचा कागद तोच आहे.

आधी एक खुलासा. अमेरिकेत जाणाऱ्या प्रत्येक नवरीच्या फायलीत हा कागद असतो असं नाही. मुलगा एच-वन व्हिसावर नोकरी करत असेल, तर बायको एच-फोर व्हिसावर जाते. आपल्या भागातल्या आयटीवाल्यांच्या बायका बहुतेक अशाच जातात. तिथे आय-८६४ लागत नाही. पुढे नवऱ्याच्या कंपनीमार्फत दोघांना ग्रीनकार्ड मिळालं तरी सहसा लागत नाही. मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल किंवा त्याच्याकडे ग्रीनकार्ड असेल आणि तो बायको म्हणून तिच्यासाठी अर्ज करत असेल, तरच हा कागद येतो. म्हणून ‘मुलगा अमेरिकेत आहे’ एवढ्यावर थांबू नका. तो तिथे कोणत्या व्हिसावर आहे, हे बोलणी सुरू होतानाच विचारा. यात कमीपणा काही नाही. आपण टोमॅटोचा क्रेट घेतानासुद्धा खालचा माल हलवून बघतोच की!

या कागदामागची भीती जुनी आहे. बाहेरून आलेला माणूस सरकारच्या गळ्यात पडू नये, ही ती भीती. स्वतःचा भार स्वतः उचलू न शकणाऱ्याला उतरू द्यायचं नाही, असा कायदा अमेरिकेने १८८२ साली केला. त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी बोटीने तिकडे डॉक्टर व्हायला गेल्या. तेव्हा त्यांना न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी आपल्या घरी ठेवून घेतलं, ते प्रेमापोटी. पुढे अनेक वर्षं नातेवाईक आधाराची पत्रं देत राहिले, पण त्यांना कोर्टात फारसं वजन नव्हतं. १९९६ च्या कायद्याने ते बदललं. डिसेंबर १९९७ पासून आय-८६४ हा सही करणाऱ्यावर बंधनकारक असा करार झाला आहे.

आता पैशाचं बघू. अमेरिकेचं सरकार दरवर्षी दारिद्र्यरेषेचे आकडे जाहीर करतं. नवऱ्याचं उत्पन्न त्या रेषेच्या सव्वापट, म्हणजे १२५ टक्के, हवं. तो सैन्यात नोकरीला असेल तर १०० टक्के चालतं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे अलास्का आणि हवाई सोडून बाकीच्या राज्यांत दोन माणसांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर लागत होते आणि चार माणसांच्या घराला ४०,१८७. रुपयांत केलं की आकडा मोठा दिसतो, पण तिथल्या मानाने ही कमाई बेताचीच. चांगल्या नोकरीतला मुलगा सहज पार होतो. अडतो तो शिकणारा, नुकतीच नोकरी सुटलेला, किंवा धंद्यातलं उत्पन्न कागदावर कमी दाखवणारा.

आपल्याकडे ऐपत ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट असते. दारात ट्रॅक्टर, मळ्यात द्राक्षबाग, बंगल्याला ग्रॅनाईट. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे लाखाची उलाढाल करणाऱ्या घरातही विवरणपत्र सापडेलच असं नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला तेव्हा लोकांनी काय काय घेतलं ते आपण पाहिलंय, आणि भाव पडल्यावर ओतून दिलेला मालही पाहिलाय. तिकडच्या अधिकाऱ्याला यातलं काही कळत नाही. त्याला कर भरल्याचा सरकारी उतारा हवा, कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा डब्ल्यू-टू हा कागद हवा, चालू नोकरीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या हव्यात. परिचयपत्रातले लाख डॉलर आणि करउताऱ्यातला आकडा जुळतो की नाही, हे इथेच उघडं पडतं.

आणखी एक गोष्ट उघडी पडू शकते. घरात माणसं किती, हे मोजताना नवरा, नवी बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले तर धरतातच. शिवाय त्याने पूर्वी कुणासाठी असाच करार करून दिला असेल आणि तो अजून संपलेला नसेल, तर तो माणूसही मोजावा लागतो. म्हणजे नवऱ्याने पहिल्या बायकोला असं नेलं असेल आणि पुढे घटस्फोट झाला असेल, तरी ती त्या आकड्यात असू शकते! एका मुलीने मला तो फॉर्म दाखवला, त्यात घरातली माणसं तीन लिहिली होती. “ताई, आम्ही तर दोघंच ना?” असं ती म्हणाली. तिसरं कोण, हे तिने फोन करून विचारलं. उत्तर यायला दोन दिवस लागले. ते लग्न पुढे टिकलंय, पण विचारायचा हक्क तिचा होता आणि तो तिने बजावला हे मला आवडलं.

उत्पन्न कमी पडलं तर काय? मालमत्ता दाखवता येते. अमेरिकी नागरिकाच्या बायकोसाठी जेवढी तूट, तिच्या तिप्पट मालमत्ता लागते. समजा, मुलाची कमाई २२,००० डॉलर आहे. लागतात २६,४३७. तूट ४,४३७ ची, तिची तिप्पट १३,३११ डॉलर. हिशेबाला डॉलर नव्वद रुपये धरला तर जवळजवळ बारा लाख. ग्रीनकार्डवाल्याच्या बायकोसाठी हीच रक्कम तुटीच्या पाचपट होते. ही मालमत्ता वर्षाच्या आत रोख करता यायला हवी. इथे आपल्या मुलींच्या उपयोगाची गोष्ट अशी की बायकोच्या स्वतःच्या नावावरची ठेव किंवा घरही यात धरता येतं. वडिलांच्या नावावरची ठेव मात्र चालत नाही. आणि ज्या सातबाऱ्यावर चार चुलत्यांची नावं आहेत आणि वाटणीचा दावा वर्षानुवर्षं चाललाय, ती जमीन कितीही मोलाची असली तरी वर्षात रोख कुठून होणार? मुलीच्या नावावर काहीतरी ठेवा असं मी बचतगटात सांगत असते, त्याला हे एक नवीनच कारण मिळालं. तिचा इथला पगार मात्र मोजत नाहीत, कारण तिकडे गेल्यावर तो बंद होणार. जुन्नरच्या शाळेतल्या नोकरीची स्लिप जोडून उपयोग नाही.

दुसरा मार्ग जोड जामीनदाराचा. अमेरिकेत राहणारा कुणीही नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आपल्या उत्पन्नावर दुसरा आय-८६४ भरून देऊ शकतो. तो नात्यातला असायलाच हवा असं नाही. आता सगळे अर्ज मुलगेच करतात असं समजू नका. माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी तिकडची नागरिक आहे. इकडचा मुलगा तिने पसंत केला. तेव्हा ती शिकत होती, कमाई अर्धवेळ. तिच्या मामांनी लगेच हो म्हटलं, पण मामी अडून बसल्या. नात्यातल्यांनी त्यांना नावं ठेवली. मला विचाराल तर मामींचं बरोबर होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, “सही करा, पण आधी कशावर करताय ते मला वाचून दाखवा.” आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून किती घरं पोळली, ते आपल्याला सांगायला नको. या करारातही जोड जामीनदार पूर्ण जबाबदार असतो. मामींनी सगळं वाचून घेतलं आणि मगच सही झाली. सासऱ्यांनी किंवा दिरांनी आपलं उत्पन्न मुलाच्या उत्पन्नात मिळवायला वेगळा फॉर्म भरून दिला, तर तेही तसेच बांधले जातात.

तर कशावर असते ती सही? ज्याने ती केली त्याने त्या व्यक्तीला दारिद्र्यरेषेच्या सव्वापट पातळीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. तिने सरकारी गरिबी योजनेतून मदत घेतली, तर सरकार ती त्याच्याकडून वसूल करू शकतं. आणि ही गोष्ट मुलींना कुणीच सांगत नाही, की नवऱ्याने तो शब्द पाळला नाही तर ती स्वतः तिथल्या कोर्टात जाऊन हक्क मागू शकते. एकट्या व्यक्तीसाठी २०२५ ची पातळी वर्षाला सुमारे १९,५६२ डॉलर होती. तिची स्वतःची जी कमाई असेल ती त्यातून वजा होते. ही जबाबदारी तिला ग्रीनकार्ड मिळाल्यापासून सुरू होते. ती नागरिक झाली, किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाइतके हिशेबाचे तिमाही टप्पे भरले, किंवा ती अमेरिका कायमची सोडून आली, किंवा दोघांपैकी एक जण वारलं, तर ती संपते. घटस्फोटाने संपत नाही.

हो, घटस्फोटाने संपत नाही. तिथल्या वरिष्ठ न्यायालयांत यावर निकाल झालेले आहेत. २०१२ च्या एका निकालात म्हटलं, की तिने नोकरी शोधली नाही म्हणून नवरा सुटत नाही. २०१६ च्या दुसऱ्या निकालात, लग्नाआधी ‘मी पोटगी मागणार नाही’ असं लिहून घेतलेलं असलं तरी हा करार मोडत नाही, असं ठरलं. आपल्या मुलींकडून तिकडे गेल्यावर भराभर कागदांवर सह्या घेतल्या जातात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मला हे लिहिताना भीतीही वाटते, की कुणीतरी म्हणेल, ह्या बाई लग्नाआधीच भांडणं शिकवतात. शिकवू दे! लग्न चांगलं चाललं तर तो कागद कपाटात पडून राहील. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण दारं बंद झाल्यावर परक्या गावात, थंडीत, हातात पैसा नसताना, ‘तुला मी इथे आणलंय, माझ्यामुळे आहेस’ असं ऐकणाऱ्या मुली मला माहीत आहेत. त्यातल्या एकीच्या नवऱ्याने असा करार लिहून दिलेला होता. तिला तो ठाऊकच नव्हता. ती इकडे परत आली आणि जबाबदारी तिथेच संपली.

इतर देशांचं थोडक्यात. इंग्लंडने २०१२ साली जोडीदाराला आणणाऱ्यासाठी वर्षाला १८,६०० पौंडांची अट घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेली. कॅनडात नवराबायकोसाठी सहसा ठरावीक उत्पन्नाची अट नाही, पण तीन वर्षं पोसण्याची हमी लिहून द्यावी लागते. आकडे आणि नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज करताना त्या वर्षाचेच बघावेत. एजंटाने तोंडी सांगितलेले धरू नयेत.

आता कामाचं. अमेरिकेच्या व्हिसाची कागदपत्रं आजकाल संगणकावर चढवतात. त्यासाठी केस नंबर आणि दुसरा एक क्रमांक मिळतो. ते दोन्ही मुलीकडे असले पाहिजेत. नवऱ्याने सही केलेल्या आय-८६४ ची सगळ्या पानांची प्रत, जोड जामीनदार असेल तर त्याच्याही फॉर्मची, आणि करउतारा, हे जाण्याआधी मागून घ्यावं. “मुलाखतीत मला विचारतील, मला माहीत हवं,” असं म्हटलं की बरेचजण देतात, आणि अधिकारी खरंच विचारतात. एक प्रत ग्रामपंचायतीतून मिळालेल्या विवाह नोंदणीच्या दाखल्याबरोबर माहेरी ठेवावी, एक स्वतःच्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड फक्त तिला माहीत आहे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत ती तिकडे पोचली, तर पहिलं ग्रीनकार्ड दोनच वर्षांचं असतं. त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

अडचण आलीच तर दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, तिथे इथल्या आईवडिलांनाही तक्रार करता येते. तिकडे न्यू जर्सीत ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ ही संस्था १९८९ पासून आपल्याकडच्या बायकांसाठी काम करते. दोन्हींचे फोन नंबर निघण्यापूर्वीच वहीत लिहून घ्यावेत, मोबाईलमध्ये नकोत. मोबाईल आधी काढून घेतात.