जुनी लेन्स, साधी शबनम

भिवंडीत यंत्रमागांच्या गल्लीत फोटो काढायला निघालात, तर कंपनीचं नाव मिरवणारी कॅमेऱ्याची बॅग घरीच ठेवा. खांद्याला साधी शबनम पुरे. आत जाड कापडाचा कप्पा आणि वर झाकण तेवढं शिवून घ्या. झाकण हवंच. मागांजवळच्या हवेत सुताचे तंतू उडत असतात, ते बॅगेत शिरतात आणि लेन्स काढली की थेट सेन्सरवर बसतात. लेन्स बदलायची ती बाहेर येऊन, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून.

आणि वडिलांची निकॉनची जुनी लेन्स टाकू नका! तिची बैठक सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर लागते. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात हेच अंतर १८. उरलेले २८.५ मिलिमीटर अडॅप्टर भरून काढतो. साध्या अडॅप्टरमध्ये काच नसते, नुसती पोकळ नळी. फोकस मात्र हातानेच फिरवायचा.