रणांगणावरील विमानें कोणाचीं?

पायदळास निकट साह्य देणारीं विमानें वायुदलाकडे असावींत कीं भूदलाकडे? लोंगेवाल्याचें उदाहरण पाहावें. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्रीं शत्रूचे रणगाडे चालून आले. जैसलमेरचीं हंटर विमानें रात्रीं लढूं शकत नव्हतीं, म्हणून मेजर चांदपुरींच्या तुकडीस उजाडेपर्यंत ठाणें एकटीनेंच राखावें लागलें. सकाळीं विमानांनीं रणगाड्यांची दाणादाण उडविली. त्यांस लक्ष्य दाखविणारें लहानसें कृषक विमान मात्र भूदलाचा वैमानिक चालवीत होता, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें! १९८६ सालीं भूदलाचें स्वतंत्र वैमानिक दल झालें. २०२५ सालीं त्यास अपाची हेलिकॉप्टरेंहि मिळालीं. तें आम्हांस योग्य वाटतें, कारण हेलिकॉप्टर सैन्याच्या शेजारीं राहून त्याच सेनापतीची आज्ञा पाळूं शकतें. वेगवान विमानें मात्र वायुदलाकडेच असावींत. आज एका आघाडीवर असलेलीं तींच उद्यां दुसरीकडे धाडावीं लागतात.