बोआचे रंग आणि आनुवंशिकता

मध्य व दक्षिण अमेरिकेतील बोआ कन्स्ट्रिक्टर हा बिनविषारी सर्प मूळचा तपकिरी-तांबूस असला, तरी अमेरिकेतील हौशी पाळकांनी निवडक संकरातून त्याचे अनेक रंगप्रकार, म्हणजेच ‘मॉर्फ’, जोपासले आहेत. मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तयार न झाल्यास पिवळ्या-केशरी नक्षीचा, लालसर डोळ्यांचा ‘अल्बिनो’ बोआ जन्मतो. हे लक्षण अप्रभावी असल्याने, म्हणजे बदललेले जनुक आई-वडील दोघांकडून आल्याशिवाय ते प्रकट होत नसल्याने, दिसायला सामान्य पण जनुकवाहक असलेल्या जोडीची सरासरी एक चतुर्थांश पिलेच अल्बिनो निघतात. ‘काल’ आणि ‘शार्प’ या दोन वंशांतील अल्बिनोंचा परस्पर संकर केल्यास मात्र पिले सामान्य रंगाची होतात, कारण दोन्ही वंशांतील बदल वेगवेगळ्या जनुकांत आहेत.

या हौसेचे शास्त्रीय मोल 2010 साली ठळकपणे दिसले. ‘कॅरमल’ या अप्रभावी रंगाच्या एका मादीने दोन वेतांत 22 पिले दिली. ती सर्व मादी आणि कॅरमल होती, पण तिच्यासोबतच्या नरांत ते जनुक नव्हते. वॉरन बूथ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या डीएनए-तपासणीतून ही पिले अनिषेकजननाने, म्हणजे नराच्या बीजाविना, जन्मल्याचे सिद्ध झाले. पिलांची लिंगगुणसूत्रे प्रारंभी ‘डब्ल्यू-डब्ल्यू’ मानली गेली. परंतु बोआत माणसाप्रमाणेच एक्स-वाय पद्धत असल्याचे 2017 साली आढळल्याने ती ‘एक्स-एक्स’ ठरली आणि सर्व पिले मादी का, हेही उलगडले. पाळकाने काटेकोरपणे जपलेली वंशावळ संशोधनालाही दिशा देते, ती अशी.